टोलेडोच्या आधी तिवंधा

स्पेनच्या सहलीची जाहिरात नाशिकमध्येही हल्ली दर रविवारी पेपरात असते. टोलेडोचे दगडी बोळ, सेगोव्हियाचा रोमन जलसेतू, ग्रानाडाचा अल्हंब्रा, शिवाय सोबतीला गुजराती जेवण. जावं, जरूर जावं. फक्त एक गंमत ध्यानात ठेवा. विमानतळावर ज्या पासपोर्टावर शिक्का बसणार तो नाशिकरोडलाच छापलेला असतो. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून इथे आहे. त्याआधी आपली पोस्टाची तिकिटंसुद्धा विलायतेत छापून बोटीनं येत. म्हणजे अख्ख्या देशाला परदेशी धाडणारं गाव हे, आणि आम्ही नाशिककर स्वतःच्या जुन्या गावात मात्र भांडी घ्यायला, नाहीतर कुणाच्या दहाव्याला जातो. तेव्हा स्पेनचा व्हिसा येईपर्यंत थोडं घरच्या बोळांतून. गाडी लांब लावून या. आत आणलीत तर गाडीच बघत बसाल.

रस्त्याखाली हौद

स्पेनमधल्या बुन्योल गावचा ‘ला तोमातिना’ आपल्याला तोंडपाठ आहे. २०११ च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मध्ये हिरो-हिरॉइन टोमॅटोच्या चिखलात लोळले आणि घराघरात त्याची कीर्ती पोचली. ऑगस्टचा शेवटचा बुधवार, १९४५ पासूनची प्रथा, आणि २०१३ पासून चक्क तिकीट लावून वीस हजार माणसांची मर्यादा.

आता नाशिकची रहाड बघा. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट आळी, या ठिकाणी वर्षभर आपण ज्या रस्त्यावरून स्कूटर नेतो त्याच्या पोटात दगडी बांधणीचा हौद आहे. पेशवाईपासूनचा. पुरुषभराहून खोल. वर लाकडी ओंडके, त्यावर माती, त्यावर रस्ता. रंगपंचमी जवळ आली की मंडळी रस्ता उकरतात, हौद साफ करतात, पाणी भरतात, फुलांचा रंग मोठमोठ्या कढयांमध्ये उकळून त्यात ओततात. पूजा होते आणि मग सुरू होतो धप्पा. उंचावरून अंग झोकून द्यायचं, असं की काठावरची चार माणसं नखशिखांत रंगली पाहिजेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. त्या रंगात एकदा बुडालेला माणूस आठवडाभर ऑफिसात ओळखू येतो.

पंचमी झाली की पुन्हा ओंडके, माती, रस्ता. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा माणूस तिथून चालत गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. तिकीट नाही, मर्यादा नाही, आणि वाहून गेलेल्या टोमॅटोचा हिशेबही नाही. नाशिकमध्ये धुळवडीला रंग खेळत नाहीत, त्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. त्यातला बाशिंग बांधलेला दाजीबा वीर तर बघायलाच हवा. रंगासाठी पंचमीच. पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास चार दिवस आधी पांढरे कपडे घालून हजर होतात आणि कोरडे परत जातात.

पूरमापक श्री मारुतराय

व्हॅलेन्सिया शहराला १९५७ मध्ये तुरिया नदीच्या पुरानं असं झोडपलं, की त्यांनी नदीच उचलून गावाबाहेरून वळवली. जुन्या पात्रात आज बाग आहे, लोक सायकली चालवतात. आम्ही नदी हलवली नाही. आम्ही मारुतीला विचारतो.

रामकुंडाच्या खाली गोदापात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा पाटबंधारे खात्याचा. नाशिककराचा आकडा वेगळा: पाणी मारुतीच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. छातीला लागलं की सराफ बाजारातली दुकानं माल वर हलवायला लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुतराय डोक्यावरून बुडाले. सरकारवाड्याच्या पायऱ्या ही पुढची इयत्ता आणि सगळ्यात वरची इयत्ता म्हणजे नारोशंकराची घंटा. १९६९ च्या सप्टेंबरातला पूर बघितलेली म्हातारी माणसं अजून त्याच पुराशी बाकीच्या पुरांची तुलना करतात आणि नव्या पुरांना फारसे मार्क देत नाहीत.

घंटा आली कुठून?

तर नारोशंकराची घंटा. गोदेच्या काठी रामेश्वराचं देऊळ १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलं. दरवाजावरच्या मेघडंबरीत टांगलेली ही अवाढव्य घंटा पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. पोर्तुगालच्या घंटेनं शंकराच्या दारात टोल द्यावा, हे वसईच्या पाद्र्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि इथे स्पेनचा धागा सापडतोच. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. म्हणजे दुसरा फिलिप हा काही काळ वसईचा आणि गोव्याचाही राजा होता. तेव्हा ‘स्पेनच्या राजाची जुनी गावं’ बघायची असतील तर विमानही नको. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसनं निघा, पुढं लोकल पकडा आणि वसईच्या किल्ल्यात उतरा.

नारोशंकरांचा व्याप मोठा. मालेगावचा भुईकोट त्यांचा. १७४२ पासून ते झाशीचे सुभेदार होते आणि झाशीच्या किल्ल्यातला शंकरगढ हा भागही त्यांनीच वाढवला. राणी लक्ष्मीबाईच्या शंभरेक वर्षं आधीची ही गोष्ट. एवढं करूनही गावाच्या तोंडी राहिली ती घंटा.

देवांचेही आपले नियम

कपालेश्वराच्या देवळात शंकरासमोर नंदी नाही. शोधू नका, नाहीच. इथे शंकरानं नंदीला गुरू मानलं, मग गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे.

रामनवमीनंतर कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून दोन रथ निघतात, रामरथ आणि गरुडरथ. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात फिरून येतो. रामरथ नदी ओलांडत नाही, पंचवटीच्या बाजूलाच राहतो. रथापुढे मानाचे पुजारी देवाकडे तोंड करून, म्हणजे पूर्ण रस्ताभर उलटे चालतात. नाशिकच्या खड्ड्यांतून सरळ चालणंही सोपं नाही, हे लक्षात घेऊन हात जोडा.

सिंहस्थात रामकुंडावर वैष्णव आखाडे आणि त्र्यंबकला शैव आखाडे, अशी वाटणी आहे. एकाच कुंभमेळ्याची दोन गावं, मध्ये अठ्ठावीस-तीस किलोमीटर.

दोन हजार कार्षापणांची एफडी

पांडवलेण्यांवर जाणारे बहुतेक लोक वर चढतात, घाम पुसतात, शहराचा फोटो काढतात आणि खाली येऊन मिसळ खातात. पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही चोवीस बौद्ध लेणी. पण मिसळीच्या आधी दहा मिनिटं काढून दहाव्या लेण्याच्या भिंती बघा, कारण तिथे चक्क बँकेचा कागद कोरलेला आहे.

क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्यानं भिक्षूंसाठी हे लेणं कोरून दिलं आणि तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे. दोन हजार एका श्रेणीत, महिना शेकडा एक टक्का व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीत, पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच खायचं. आणि व्याजाचं काय करायचं तेही लिहिलेलं: लेण्यात पावसाळा घालवणाऱ्या वीस भिक्षूंना दरसाल कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

आता पेन्सिल घ्या. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, २४०. ताळा जुळला! कॅल्क्युलेटर नव्हता, ऑडिटर नव्हता, पण हिशेब पैचा चुकलेला नाही. दुसऱ्या हजाराचे वर्षाकाठी नव्वद येतात, ते किरकोळ खर्चाला. सगळा व्यवहार गावच्या सभेत वाचून दाखवून नोंदवला, असंही त्यात आहे. दोन संस्थांचे व्याजदर वेगळे का, याचं उत्तर कोरलेलं नाही. पण ज्यानं कधी सहकारी पतपेढीत पैसे ठेवलेत त्याला ते विचारावं लागणार नाही. ते गोवर्धन गाव अजून आहे, गंगापूरजवळ. सोमेश्वरला धबधबा बघायला जाता ना, त्याच अंगाला.

गोष्ट इथे संपत नाही. पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. जेत्यानं जिंकल्यावर काय करावं? पुतळे उभारावेत? यानं नाणी जमा केली आणि नहपानाच्या मुद्रेवर स्वतःचा ठसा ठोकला. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर. त्यातली दोन तृतीयांशांहून अधिक नाणी अशी पुन्हा ठोकलेली. काही नाण्यांवर तर खालच्या राजाचे नाकडोळे अजून डोकावतात. नवीन नोटा छापायचा खर्च वाचवायचा हा उपाय नाशिकच्या छापखान्याला कुणीतरी सुचवायला हवा.

आणि तिसऱ्या लेण्यातला एक खुलासा मला सगळ्यात आवडतो. सातकर्णीनं भिक्षूंना एक शेत दान दिलं. सहा वर्षांनी दुसरा लेख कोरावा लागला: ते शेत कुणी कसत नाही, गाव ओस पडलं आहे, सबब त्याच्या बदल्यात शहराच्या सीमेवरची आमची सरकारी जमीन, शंभर निवर्तनं, द्यावी. या हुकुमात राजाच्या बरोबरीनं त्याच्या आईचंही नाव आहे. राजमातेपर्यंत तक्रार गेली तेव्हा हललं बहुधा. पण एकोणीस शतकांपूर्वी चुकीचा सातबारा दुरुस्त झाला, तोही दगडावर.

पैज आणि हिरा

त्र्यंबकेश्वराचं आत्ताचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, १७५५ मध्ये. पूर्ण व्हायला तीसेक वर्षं लागली. नानासाहेब १७६१ मध्येच गेले, त्यांना कळस दिसला नाही. एवढा खर्च का केला? तर ज्योतिर्लिंगाभोवतीचा दगड आतून पोकळ आहे की भरीव यावर पेशव्यांनी पैज लावली आणि ते हरले, अशी आख्यायिका त्र्यंबकमध्ये सांगतात. खरी असो-नसो, पैज हरून एवढं देखणं काही बांधणारा माणूस विरळा.

या देवाच्या खजिन्यातला हिरा म्हणजे ‘नासक’. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हिरा इंग्रजांच्या हाती पडून लंडनला गेला. तिथल्या जवाहिऱ्यांना आपल्याकडची पैलूंची घडण पसंत पडेना. आपल्याकडे पैलू पाडताना वजन राखायचं, त्यांना चमक हवी. मूळचा नव्वद कॅरेटच्या घरातला हिरा घासत घासत निघाला. १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं घेऊन तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं आणखी एकदा कापला. आता वजन ४३.३८ कॅरेट, म्हणजे अर्ध्याहून कमी. जगभरच्या हिऱ्यांच्या पुस्तकांत नाव मात्र अजून नाशिकचंच.

त्याच त्र्यंबकमध्ये ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत निघाला, पण त्यानंतर १९१३ मध्येच फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि ‘मोहिनी भस्मासुर’ केला. पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम पुरुषानंच केलं होतं. या दुसऱ्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. भारतीय सिनेमाला नट्या मिळाल्या त्या अशा, एकाच घरातून, मायलेकी. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मात्र अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. सीतेचं हरण झाल्यावर रामानं शोक करायचा, तो नेमका कुणासाठी, हा प्रश्न त्यांना पडला असेलच.

धावते-धावते

मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनापर्यंत एकेकाळी ट्राम होती, १८८९ साली घातलेली. सुरुवातीला घोडे ओढायचे. १९३० नंतर लवकरच बंद पडली. त्यानंतर नाशिककर रिक्षावाल्यांच्या स्वाधीन झाले ते आजतागायत.

सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे आपल्याकडे आगगाडी धावायच्या तेरा वर्षं आधी गावात वाचनालय होतं.

विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाप्रीत्यर्थ ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, तिथेच अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. नाट्यगृहाचं पुढे सिनेमागृह झालं.

काझीची गढी दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळते आणि वरच्या रहिवाशांना नोटिसा जातात. डॉ. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली जोर्वे पद्धतीची खापरं मिळाली. म्हणजे जे ढासळतंय ते गावाच्या तीन हजार वर्षांचं बाड आहे. स्पेनमध्ये असतं तर काच लावून तिकीट ठेवलं असतं. हे मी कौतुकानं म्हणत नाही.

आनंदवल्ली या उपनगरात फ्लॅट बघायला गेलात तर बिल्डरला विचारा, नाव कुणाचं? राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि चावंडस गावाला आनंदीबाईंचं नाव दिलं. नारायणरावांच्या खुनानंतरच्या आनंदीबाई सगळ्यांना माहीत. ज्यांचं नाव गावाला मिळालं त्या फारशा कुणाला नाहीत.

दिंडोरीकडच्या मळ्यांत आता टेम्प्रानिल्यो पिकतं. हे अस्सल स्पॅनिश द्राक्ष, रिओखाच्या वाईनचा कणा. पावसाळ्यानंतर छाटणी करून हिवाळ्यात द्राक्षं आणायची, हे आपल्या शेतकऱ्यांचं वेळापत्रक त्या पाहुण्यानं मुकाट्यानं पत्करलं आहे.

गावाबाहेर पडलात तर

सिन्नर हे आज एमआयडीसी आणि विड्यांसाठी ठाऊक. पण देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी इथे होती. बाराव्या शतकातलं गोंदेश्वराचं देऊळ भूमिज शैलीचं पंचायतन आहे. मधे शंकर, चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, गणपती, पार्वती. शिर्डीला जाणाऱ्या हजारो गाड्या त्याच्या जवळून भुर्रकन निघून जातात, त्यामुळे साईबाबांच्या कृपेनं इथे निवांत बसता येतं.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, भिंतींवर चित्रं आहेत, आणि गावची टांकसाळ एवढी नामांकित की चांदवडी रुपया बाजारात नावानं ओळखला जाई. मालेगावच्या भुईकोटानं १८१८ मध्ये इंग्रजांना महिनाभर झुंजवलं. आतल्या अरब शिबंदीनं दाणादाण उडवली, शेवटी दारूचं कोठार उडालं आणि किल्ला पडला. त्याच मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात नासिर शेख यांनी घरगुती कॅमेऱ्यानं ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यावरून धडा घेऊन पुढे मालेगावचा सुपरमॅनही उडाला, त्याच्यावर माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये तर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला. फाळक्यांच्या जिल्ह्यात आणखी काय होणार!

साल्हेरला जायची हिंमत असेल तर जा. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याला मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा मराठा किल्ले गेले, त्यात साल्हेर आहे. टोलेडोला तो मान १९८६ मध्ये मिळाला, तेव्हा साल्हेरला एकोणचाळीस वर्षं उशीर झाला. पण गडाला घाई कधी होती?

आणि येवला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दार उघडेना. पाच वर्षं वाट पाहून १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात त्यांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. काळारामाचं दार ते येवल्याचं मैदान हे अंतर बसनं दोन-अडीच तासांचं आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात बघावीत आणि त्याच क्रमानं.

तात्या टोपे इथलेच. पैठणीही इथलीच झाली आहे. रघोजी नाईकांनी पैठणहून विणकर आणून वसवले आणि आजही गल्ल्यांतून मागाची खटखट ऐकू येते. दुकानात जाऊन भाव विचारण्याआधी कारागिराच्या घरी माग बघा. पदरावरचा एकेक मोर धाग्याधाग्यानं उतरताना पाहिला की घासाघीस करायची जीभ जरा आखडते.

येवल्याला जायचंच तर संक्रांत गाठा. भोगी, संक्रांत, कर, असे तीन दिवस बाजारपेठ जवळजवळ बंद आणि सगळं गाव गच्चीवर. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या हातात आसारी; साधी फिरकी इथे पोरांची समजतात. हलकडी, ढोल, वर आकाशात पेच, आणि पतंग कापला गेला की साऱ्या गच्च्यांवरून एकच आरोळी, वक्काट! हॉटेल शोधू नका, मिळालं तरी उपयोग नाही, कारण खाली रस्त्यावर काहीच घडत नसतं. येवल्यातली ओळख काढून आधीच कुणाची तरी गच्ची पक्की करा, मांजापासून जपायला गळ्याला रुमाल बांधा, आणि बोटांना चिकटपट्टी गुंडाळूनच आसारीला हात घाला.